हायडे दांपत्याचे हिवाळे

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही दोघे लाहौलला गेलो होतो. रोहतांगखालचा बोगदा तेव्हा नवाच सुरू झालेला होता. केलाँगच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर एक बाई विणत बसल्या होत्या. पुढ्यात लोकरीच्या मोजांचे जोड मांडलेले, टाचेपासून घोट्यापर्यंत लाल, पिवळी, हिरवी नक्षी. माझ्या पत्नीने एक जोड उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, हे तुम्हांला शिकवले कोणी? बाई म्हणाल्या, आजीने. आणि आजीला? तिच्या आजीने. त्यापुढचे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. माझ्याकडे मात्र तोवर इझाबेला बर्ड यांच्या ‘अमंग द तिबेटन्स’ या पुस्तकाची एक जुनी प्रत वाचून झालेली होती. ‘तिच्या आजी’च्या काळात याच गावात एक जर्मन बाई हिवाळाभर मुलींना सुया धरायला शिकवत होती, हे मला त्या पुस्तकातून कळले होते.

त्या बाईंचे नाव मारिया हायडे. पतीचे नाव आउगुस्ट विल्हेल्म हायडे. मोरेव्हियन मंडळीचे हे मिशनरी दांपत्य. विल्हेल्म १८५३ साली युरोपातून निघाले ते १९०३ साली परतले. मारिया १८५९ साली आल्या आणि पतीबरोबरच परतल्या. मध्ये एकदाही दोघे मायदेशी गेले नाहीत. जवळजवळ चाळीस हिवाळे त्यांनी केलाँगमध्ये एकत्र काढले. ऐन तारुण्यात आलेली ही माणसे बर्फाने वाट अडवलेल्या त्या गावात म्हातारी झाली.

मिशनऱ्यांचा इतिहास लिहिताना बाप्तिस्मे मोजायची पद्धत आहे. मिशनचे लोक अभिमानाने मोजतात, टीकाकार रागाने मोजतात, मोजमाप एकच. या मोजमापाने हायडे दांपत्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. मला त्यांच्याकडे वेगळ्या वाटेने जावेसे वाटले, ती वाट म्हणजे त्यांचा हिवाळा आणि त्या हिवाळ्याच्या मधोमध येणारा नाताळ. सण म्हटला की घर आले, आणि घर म्हटले की मुले आली. या दांपत्याच्या घरात सण होता, पण मुले नव्हती. ती का नव्हती, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या कामाचा हिशेब पुरा होत नाही.

*

आधी या मंडळीविषयी थोडे. सॅक्सनीत हेर्नहूट नावाचे एक लहान गाव आहे. मोरावियातून धार्मिक छळामुळे पळालेल्या लोकांना काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ या जमीनदाराने आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि १७२२ साली ही वस्ती उभी राहिली. सुतार, चांभार, विणकर अशी हातावर पोट असणारी ही माणसे. वस्ती उभी राहून दहा वर्षे होतात न होतात तोच, १७३२ साली, त्यांनी आपले पहिले दोन प्रचारक कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये पाठवले. पुढच्याच वर्षी ग्रीनलंडला माणसे गेली. जिथे इतर कोणी जायला राजी नसेल तिथे जायचे, असा या मंडळीचा जणू रिवाजच पडला. पाठवायची माणसेही बहुधा विद्यापीठातली नसत, कारागीर असत. विल्हेल्म हायडे हे सायलीशियातल्या एका खेड्यात १८२५ साली जन्मलेले, पत्र्याचे काम करणारे गृहस्थ.

त्यांना लाहौलला जायचेच नव्हते. मंडळीचे लक्ष मंगोलियाकडे होते. रशियाने आपल्या हद्दीतून वाट द्यायला नकार दिला, तेव्हा हिंदुस्थानमार्गे तिबेट ओलांडून मंगोलिया गाठावा असा बेत ठरला. नकाशावर तो सोपा दिसत असावा. १८५३ साली हायडे आणि एडुआर्ड पागेल कलकत्त्याला उतरले. तिथून सिमल्याजवळच्या कोटगढला येऊन त्यांनी भाषेचे धडे घेतले, मग लडाखपर्यंत चालत जाऊन पाहिले. तिबेटची सीमा बंद होती. लडाख काश्मीरच्या महाराजांच्या ताब्यात, तिथेही बस्तान बसवायला परवानगी मिळेना. उरला लाहौल. पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर, १८४६ साली, हा मुलूख इंग्रजांकडे आलेला होता. वस्तीत बौद्ध धर्म आणि तिबेटी भाषेचा वावर होता. पुढेमागे तिबेटचे दार उघडेल तेव्हा उंबरठ्यावर असलेले बरे, या हिशेबाने त्यांनी भागा नदीच्या काठी, सुमारे दहा हजार फूट उंचीवरच्या केलाँगमध्ये घर बांधले. ते दार त्यांच्या हयातीत उघडले नाही. उंबरठ्यावरच आयुष्य गेले.

१८५७ साली त्यांना हाइनरिख आउगुस्ट येश्के येऊन मिळाले. हे मात्र खरे भाषापंडित. मराठी वाचकांना या सालाची एक खूण सांगता येईल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती याच १८५७ सालची. इकडे एका कोशाचे काम पुरे होत होते, तिकडे दुसऱ्याची जुळवाजुळव सुरू होत होती. येश्के यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ साली लंडनला छापला गेला आणि आजही तिबेटी भाषेचे अभ्यासक तो उघडतात. केलाँगमध्ये शिळाप्रेस होता. त्यावर तिबेटी लिपीत शाळेची आणि धर्माची पुस्तके निघत.

*

१८५९ साली तिघांसाठी तीन वधू पाठवण्यात आल्या. हा शब्दप्रयोग आज खटकेल, पण झाले तसेच. मंडळीच्या वरिष्ठांनी नावे ठरवली आणि तीन तरुणी जहाजाने कलकत्त्याला, तिथून पुढे उत्तरेकडे, शेवटी रोहतांगची खिंड चढून केलाँगला आल्या. हिवाळ्याच्या तोंडावर तिथेच लग्ने लागली. मारिया हार्टमान यांचे वय तेव्हा बावीस होते, विल्हेल्म यांचे चौतीस. दोघांनी एकमेकांना पूर्वी पाहिलेले नव्हते. आपल्या पणज्यांची लग्ने आठवली तर यात नवल वाटणार नाही. नवल एवढेच की इथे वधूला सासरी पोचायला दोन खंड ओलांडावे लागले.

मारिया यांची पूर्वकथा मात्र लक्षात ठेवावी अशी आहे. त्यांचा जन्म १८३७ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, पारामारिबो शहरात झाला. हे तेच सुरिनाम, जिथे पुढे आपल्याकडचे गिरमिटिये मजूर उसाच्या मळ्यांवर गेले. मारियांचे आईवडील तिथे मिशनरी होते. मोरेव्हियन मंडळीत असा नियमच पडून गेला होता की दूरच्या ठाण्यावर जन्मलेले मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला युरोपात मंडळीच्या वसतिशाळेत धाडायचे. सॅक्सनीत क्लाइनवेल्का येथे मिशनऱ्यांच्या मुलामुलींसाठी अशा शाळा होत्या. मारियाही लहानपणीच समुद्रापार पाठवली गेली आणि मंडळीच्या छत्राखाली वाढली. तिकडे १८४४ साली वडील वारले. आई परत येईल असे कोणालाही वाटले असते. ती आली नाही. पळून जाऊन रानात वसलेल्या गुलामांच्या वंशजांमध्ये ती विधवा एकटी काम करत राहिली आणि १८५३ साली तिकडेच वारली. मुलीची आणि तिची पुन्हा भेट नाही. ज्या वर्षी सुरिनाममध्ये आईचा शेवट झाला, त्याच वर्षी तिचा भावी जावई हिंदुस्थानच्या वाटेला लागला होता.

बाईंच्या मनात आईविषयी काय होते, हे दुसऱ्याने सांगू नये. त्यांनी केले काय, ते मात्र दिसते. बाविसाव्या वर्षी त्या स्वतः मिशनरीची बायको व्हायला निघाल्या.

*

लाहौलचा हिवाळा म्हणजे काय, हे सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला चटकन कळत नाही. तेरा हजार फुटांवरची रोहतांगची खिंड कार्तिकाच्या सुमाराला बर्फाने बुजते आणि वैशाखापर्यंत मोकळी होत नाही. वर्षातले जवळजवळ सहा महिने खोरे कुलूपबंद. सफरचंद-बटाट्याच्या ट्रकांची रांग, पर्यटकांच्या गाड्या हे सगळे आत्ताचे. तेव्हा जनावरांचा चारा, सातू, वाळवलेले मांस, सरपण असे सगळे उन्हाळ्यातच साठवायचे. सूर्य डोंगराआडून उशिरा निघतो आणि लवकर बुडतो. शेतात काम नाही. पुरुष आणि बायका घरात शेकोटीभोवती बसून लोकर कातणार.

मिशनच्या दृष्टीने हाच खरा कामाचा हंगाम होता. उन्हाळ्यात लाहौलचा माणूस हाती लागत नसे; तो शेतात, नाहीतर व्यापारासाठी खिंडीपलीकडे. हिवाळ्यात तो घरी सापडे. म्हणून शाळा हिवाळ्याची. प्रवचने हिवाळ्याची. छापखान्याचे पुष्कळसे काम हिवाळ्याचे. आणि मारिया यांचा विणकामाचा वर्गही हिवाळ्याचा. लोकर लाहौलमध्ये होतीच. कातणे आणि मागावर विणणे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या येत होते. सुयांवर मोजा विणण्याची कला मात्र नवी होती. मुलींनी यायचे, विणायचे, विणता विणता गाणी आणि धर्माच्या गोष्टी ऐकायच्या, असा बेत. मुलींनी विणणे पक्के उचलले. गोष्टी ऐकल्या आणि सोडून दिल्या.

१८८९ साली इझाबेला बर्ड लडाखहून परतताना केलाँगला हायडे यांच्या घरी उतरल्या. जगभर हिंडलेल्या या बाईंचे वय तेव्हा अठ्ठावन्न होते. म्हणजे यजमानीण त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान आणि यजमान सहा वर्षांनी मोठे. १८९४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या म्हाताऱ्या जोडप्याविषयी मोठ्या आपुलकीने लिहिले आहे. तोवर सोबतीचे लोक पांगलेले होते. पागेल पतिपत्नी १८६५ साली सतलजच्या खोऱ्यातल्या पू गावी गेले आणि १८८३ साली काही दिवसांच्या अंतराने दोघेही तिथेच वारले. येश्के प्रकृतीमुळे १८६८ साली परतले. १८८५ साली लेहला ठाणे सुरू झाले तेव्हा आणखी एक सहकारी तिकडे गेला. नवे लोक येत आणि जात. केलाँगला कायम राहिले ते हे दोघेच.

*

आता नाताळाकडे येऊ. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. वसई-गोव्याच्या किनाऱ्यावर कॅथलिक घरांतून तो मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. एकोणिसाव्या शतकात मुंबई-नगरला आलेले प्रॉटेस्टंट मिशनरी मात्र नाताळाच्या बाबतीत बरेच थंड होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्या परंपरेला नाताळ हा पोपचा सण वाटे; मॅसॅच्युसेट्समध्ये त्या दिवशी कायदेशीर सुट्टी मिळू लागली ती १८५६ साली. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांचे स्कॉटिश प्रेस्बिटेरियनही तसेच. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी चक्क १९५८ सालची आहे. आपल्याकडच्या मिशनरी कागदपत्रांत २५ डिसेंबर कित्येकदा इतर दिवसांसारखा कोरडा जातो, त्याचे कारण हे.

हेर्नहूटचे लोक याच्या अगदी उलट. त्यांच्या वर्षाचा कळस म्हणजे नाताळ, आणि तो मुलांचा सण. १७४७ साली मारियनबोर्न या गावी नाताळच्या संध्याकाळी योहानेस फॉन वाटेविले यांनी उपासनेत प्रत्येक मुलाच्या हाती तांबडी फीत गुंडाळलेली एक पेटती मेणबत्ती दिली. तेव्हापासून ती रीत पडली आणि ग्रीनलंडपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जिथे जिथे ही मंडळी गेली तिथे मेणबत्त्याही गेल्या. सोबत प्रीतिभोजन असे: उपासनेच्याच जागी सगळ्यांनी मिळून साधासा पाव आणि गरम पेय घ्यायचे, गाणी म्हणायची. उच्चनीच नाही, पंगतभेद नाही.

नाताळाचा ताराही त्यांचाच. आपल्याकडे डिसेंबरात वसईपासून पुण्याच्या कॅम्पापर्यंत कागदी तारे लटकतात. त्यांत अनेक घराणी आहेत. पण चहूबाजूंनी शंकूसारखी टोके निघालेला जो भरीव बहुकोनी तारा असतो, त्याला जगभर हेर्नहूटचा तारा म्हणतात. तो निघाला मोरेव्हियन वसतिशाळांतून. १८२१ साली नीस्की येथील शाळेच्या पन्नाशीच्या उत्सवात एकशे दहा टोकांचा तारा टांगला होता. पुढे तो भूमितीच्या तासाला करायची वस्तू झाला. कागद मोजायचा, कापायचा, शंकू करायचे, चिकटवायचे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मुले आपापल्या खोलीत तारा टांगत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची विक्री सुरू झाली आणि तो सगळ्यांचा झाला.

पण त्या वसतिशाळांत मुले होती कोणाची? त्यांतली पुष्कळशी मिशनऱ्यांची होती. ज्यांना सणाला घरी जायला घर नव्हते, घर होते ते लॅब्रेडॉरच्या बर्फात, सुरिनामच्या रानात किंवा हिमालयाच्या खिंडीपलीकडे, अशी मुले. आज तो तारा पाहणाऱ्याला त्यातली भूमिती दिसते आणि प्रकाश दिसतो. आईबापांवाचून काढलेल्या नाताळांची गोष्टही त्या कागदाच्या घडीत आहे.

*

हायडे यांना मुले झाली. त्यांतली काही केलाँगमध्येच लहानपणी दगावली. डॉक्टर नाही, हिवाळ्यात वाट नाही. लेहला मिशनचा दवाखाना सुरू झाला तो १८८६ साली, तोही दोन-तीन आठवड्यांच्या पायवाटेवर. जी मुले जगली ती वय झाल्यावर मंडळीच्या रीतीप्रमाणे युरोपात पाठवली गेली. आईवडील काही त्यांच्या मागे गेले नाहीत.

इथे वाचक म्हणून मी थांबतो. मारिया यांना हे सगळे दुसऱ्या टोकाने ठाऊक होते. धाडले गेलेले मूल त्या स्वतः होत्या. आईच्या पत्राची वाट पाहणे म्हणजे काय, आई वारल्याची बातमी समुद्रापलीकडून येणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. तरी त्यांनी तेच केले. निष्ठुर होत्या असे म्हणणे सोपे आहे. त्यांच्याविषयी लिहिणारा कोणीही तसे म्हणत नाही. मंडळीचा विचार असा की मिशनचे काम हेच आयुष्य, पगार म्हणजे निर्वाहापुरता खर्च, मुलांच्या शिक्षणाचा भार मंडळीवर. मुलाला जवळ ठेवावे तर शाळा नाही. सोबत जावे तर काम सुटते. शिवाय मूल ‘देशी’ होऊन जाईल ही धास्तीही सगळ्याच युरोपियनांना होती, हे विसरू नये. मिशनऱ्यांनीच नव्हे, साहेबलोकांनीही मुले अशीच धाडली. मुंबईत १८६५ साली जन्मलेला रुडयार्ड किपलिंग सहाव्या वर्षी इंग्लंडात परक्या घरी ठेवला गेला आणि त्याची जखम त्याने जन्मभर वागवली. दक्षिणेतल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १९०१ साली कोडाईकनालला आपल्या मुलांसाठी शाळा काढली, त्यामागेही हेच दुःख होते. हायडे यांच्या मुलांना ती सोय झाली नाही.

केलाँगमधली खरी विसंगती मला इथे दिसते. मारिया हिवाळाभर दुसऱ्यांच्या मुलींना जवळ बसवून सुया धरायला शिकवत होत्या. त्या मुलींची बोटे त्यांनी हातात धरली. आपल्या मुलांचे अक्षर मात्र त्यांना पत्रातून वळण घेताना पाहावे लागले, तेही डाक येईल तेव्हा.

या दोन घरांना बांधणारी एक गोष्ट होती. मोरेव्हियन मंडळी दर वर्षी एक लहान पुस्तिका छापते. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी बायबलातले एक वचन, चिठ्ठ्या काढून निवडलेले. १७३१ सालापासून ती अखंड निघते आहे. दूरदूरच्या ठाण्यांना हातात मिळावी म्हणून ती बरीच आधी तयार करावी लागे. रीत अशी की सकाळी उठल्यावर सगळ्यांनी त्या दिवसाचे वचन वाचायचे. म्हणजे २४ डिसेंबरला सॅक्सनीतल्या शाळेत मुले जे वचन वाचत, तेच केलाँगच्या घरात आईवडील वाचत. पत्र पोचायला महिने लागत. वचन त्याच दिवशी दोन्हीकडे असे. आपल्याकडे दूर गेलेल्या लेकीने आणि आईने एकाच वेळी चंद्राकडे पाहायचे ठरवावे, तशातला हा प्रकार. कागदी पुस्तिकेचे आणखी मोल काय करावे?

नाताळानंतर वर्षाची अखेर. मोरेव्हियन घरांत ३१ डिसेंबरची रात्र जागवतात आणि सरत्या वर्षाचा वृत्तांत सर्वांसमोर वाचतात: कोण जन्मले, कोण गेले, काम किती झाले. केलाँगच्या वृत्तांतात शेवटचा भाग नेहमी लहानच असणार. तिथला पहिला बाप्तिस्मा १८६५ सालचा, आणि ती माणसेही लाहौलची नव्हती, लडाखहून आलेली होती. लाहौलमधून मंडळीत आलेले लोक अखेरपर्यंत मूठभरच राहिले. समोरच्या डोंगरावर कारदंगचा गोंपा होता, मागच्या बाजूला शाशुरचा. लोकांना आपले देव आणि आपले लामा पुरेसे होते.

आणि त्यांचा सणही पुढ्यातच येत असे. जानेवारीत, लामांनी ठरवलेल्या रात्री, भागेच्या खोऱ्यात हाल्दा साजरा होतो. देवदार वर्गातल्या सुगंधी झाडांच्या फांद्यांच्या जुड्या बांधून पेटवतात आणि मशाली घेऊन गावातले सगळे एकत्र येतात. सण शिस्कर आपा या धनदेवतेचा. धनाची देवी, थंडीची रात्र, पेटते दिवे: दिवाळी अंकाच्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको. मेणबत्त्यांचा सण आटोपून तीन-चार आठवडे होतात न होतात तोच हायडे यांच्या अंगणासमोरून मशाली जात असणार. धर्म बदलायला आलेल्या माणसांना चाळीस वर्षे ते दिवे पाहावे लागले. सोबत राहायचे तर दुसऱ्याचा सण दारातून पाहायची सवय करावी लागते. ती सवय त्यांनी केली, एवढे त्यांच्या मुक्कामाच्या लांबीवरूनच कळते.

*

१८९८ साली दोघांनी केलाँग सोडले. विल्हेल्म त्र्याहत्तर वर्षांचे, मारिया एकसष्ट. पण घरी जायचे नव्हते अजून. शरच्चंद्र दास यांच्या मोठ्या तिबेटी-इंग्रजी कोशाच्या संस्करणाचे काम सरकारने ग्रॅहॅम सँडबर्ग आणि हायडे यांच्याकडे सोपवले. त्यासाठी ते दार्जिलिंगकडे राहिले. हा कोश १९०२ साली कलकत्त्याला प्रसिद्ध झाला. पत्र्याचे काम शिकलेल्या माणसाचे नाव अशा रीतीने कोशाच्या मुखपृष्ठावर आले.

१९०३ साली दोघे जर्मनीला परतले. विल्हेल्म यांनी मायदेशातला शेवटचा नाताळ १८५२ साली पाहिला होता. पुढचा पाहिला तो १९०३ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मधल्या काळात जर्मनी नावाचे साम्राज्य उभे राहिले होते, आगगाड्या खेड्यांपर्यंत पोचल्या होत्या, शाळेतल्या पोरांचा कागदी तारा बाजारात विकत मिळू लागला होता. सोडून आलेली मुले आता स्वतः मध्यमवयाची. १९०७ साली विल्हेल्म वारले. मारिया आणखी दहा वर्षे जगल्या. १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, त्या गेल्या.

त्यांच्या मुलाने, गेरहार्ट हायडे यांनी, १९२१ साली आईवडिलांचे चरित्र हेर्नहूटला छापले. ‘तिबेटी लोकांत पन्नास वर्षे’ असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. मला त्या नावापाशी अडखळायला होते. ती पन्नास वर्षे आईवडील ज्यांच्यात राहिले, ते लोक म्हणजे आपण नव्हे, हे मुलाला मुखपृष्ठावर लिहावे लागले. तरी त्याने लिहिले. दोघांच्या टिपणांतून आणि पत्रांतून त्याने ते आयुष्य जुळवले, म्हणून आज आपल्याला काही सांगता येते. मिशनच्या इतिहासाला किती मुलांनी असा हातभार लावला, आणि किती मुले न लिहिता गप्प राहिली, याचा विचार मनातून जात नाही.

त्या दोघांच्या चाळीस हिवाळ्यांतून लाहौलला काय उरले? मंडळी उरली नाही. केलाँगचे ठाणे विसाव्या शतकात, स्वातंत्र्यापूर्वीच बंद झाले. मोजे उरले. लाहौलच्या विणलेल्या मोजे-हातमोजांना अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे सरकारदप्तरी ती आता लाहौलचीच मिरास ठरली. यात काही चूक आहे असे मला वाटत नाही. सुया बाहेरून आल्या. नक्षी, रंग आणि दीडशे वर्षांची मेहनत तिथल्या बायकांची. गोष्टी ऐकून सोडून देणाऱ्या आणि कला तेवढी ठेवून घेणाऱ्या त्या मुली शहाण्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनीही, मुली धर्मात येत नाहीत म्हणून वर्ग बंद केला नाही, हे त्यांच्या बाजूला लिहिले पाहिजे.

आणि दुसऱ्या बाजूला लिहायचे ते हे. आई सुरिनाममध्ये राहिली, मुलगी सॅक्सनीत. मग मुलगी केलाँगला राहिली आणि तिची मुले सॅक्सनीत. तीन पिढ्या एका कामासाठी तुटल्या. ते काम थोर होते की अनाठायी, यावर भांडण होऊ शकते आणि व्हावे. पण ज्यांनी किंमत दिली त्यांतल्या मुलांना कोणी विचारले नव्हते, ही बाब कोणत्याही बाजूच्या इतिहासात सहसा येत नाही.

केलाँगहून आणलेला मोजांचा जोड आमच्याकडे कपाटात आहे. पुण्यात तो घालायची थंडी वर्षातून चार दिवस पडते. गेल्या दिवाळीत आमचा मुलगा परदेशातून येऊ शकला नाही. आकाशकंदील लावला आणि त्याला फोनवर दाखवला. तो हसला, आम्हीही हसलो. रात्री पत्नीने कपाटातून मोजे काढले, आणि फोन नसलेल्या, पत्रही सहा महिने न येणाऱ्या एका घराविषयी आम्ही दोघे पुष्कळ वेळ बोलत बसलो.